कोंबड्याचा कुलवृत्तान्त

मराठी माणसाला कुलवृत्तान्तांची मोठी हौस. परंतु जो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या त्याला पहाटे जागवीत आला, त्याच्या कुळाची चौकशी त्याने क्वचितच केली असेल. वस्तुतः हे कूळ प्राचीन आहे आणि त्याचे भाऊबंद आजही रानात नांदत आहेत.

रानकोंबड्यांच्या जाती चार. लाल रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतापर्यंत आणि पूर्वेस थेट आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे. करडा आपल्या सह्याद्रीचा व दक्षिणेचा रहिवासी. तिसरी जात सिंहलद्वीपातली, तर हिरवी जावा व आसपासच्या बेटांतली. यांपैकी घरच्या कोंबडीचा पूर्वज कोणता, या प्रश्नावर चार्ल्स डार्विनने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लाल रानकोंबड्याच्या बाजूने कौल दिला. काळा स्पॅनिश कोंबडा व पांढरी रेशमी कोंबडी यांच्या संकरातून त्याला एक नर असा लाभला, की ज्याच्या अंगावर रानातल्या पूर्वजाचा लाल साज पुन्हा उमटला होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी पत्रांतून पुरविलेली माहितीही त्याच्या कामी आली.

पूर्वज ठरला, जन्मभूमीचा वाद उरला. सिंधुसंस्कृतीच्या अवशेषांवरून तो मान आपल्याकडे यावा, असे अनेकांना वाटे. पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे थोडेच राहते! २०२० साली ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना झाली, तेव्हा दक्षिण चीन, उत्तर थायलंड व ब्रह्मदेश या टापूतील लाल उपजातीशीच पाळीव कोंबडीचे सर्वांत निकट नाते आढळले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने थायलंडमधील बान नोन वाट येथील हाडे निःसंशय पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी हाडे ठरविली; त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५०. भात व भरडधान्ये यांची कोरडवाहू शेती सुरू झाली, सांडलेल्या दाण्यांनी पाखरू वस्तीजवळ ओढले गेले आणि हळूहळू माणसाळले, असा या संशोधकांचा तर्क आहे.

मग आपला वाटा काहीच नाही काय? आहे, आणि तो कोंबडीच्या पायांवरच दिसतो. पिवळ्या कातडीचे जनुक लाल रानकोंबड्याकडून आलेले नसून बहुधा करड्याकडून आले, असे २००८ साली दिसून आले. घराण्यात शिरलेले हे दक्षिणी रक्त आज जगभर पसरले आहे.

मात्र या नात्याला एक उलटी बाजू आहे. वस्तीतला कोंबडा रानात शिरतो आणि रानातल्या मादीशी जुगतो. अस्सल लाल नर विणीचा हंगाम सरला की मानेवरील सोनेरी पिसे टाकून काळी पिसे धारण करतो. संकरित संततीत ही खूण लोपू लागते. पूर्वज मरत नाही, तो आपल्याच वंशजांत विरून जातो. वंशावळ लिहून ठेवता येते. पण मूळपुरुष एकदा हरपला, तर तो कोणत्याही पोथीतून परत मिळत नाही.