गाव जागचं हललं नाही



अमेरिकेत पन्नास राज्ये आहेत. तिथल्या अनेक शाळांत मुलं नऊ-दहा वर्षांची झाली, की आपल्या राज्याच्या नद्या, इतिहास, चालीरीती यांचा वेगळा अभ्यास करतात. आपल्याकडेही तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्हा येतो. पण पुस्तकातला जिल्हा गावच्या वेशीपर्यंत आणायचा कसा? हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं कुरुंदा हे गाव घेऊन पाहू.

भूगोल पाण्यापासून सुरू करावा. मुलांना विचारावं, शाळेच्या छपरावरून पडलेलं पावसाचं पाणी जातं कुठं? ओढ्याला, ओढ्यातून नदीला, नदीतून गोदावरीला आणि तिथून तेलंगण, आंध्र ओलांडून थेट बंगालच्या उपसागराला! एवढं कळलं, म्हणजे उतार, खोरं, समुद्र हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. मग पूर्णा नदी, तिच्यावरची येलदरी व सिद्धेश्वर ही धरणं, काळी जमीन, कापूस आणि वसमतच्या बाजारातली हळद, हे सारं ओघानं येतं.

आता इतिहास. १९४० साली जन्मलेल्या कुरुंद्याच्या एखाद्या आजीबाई घ्या. लहानपणी त्या निजामाच्या रयत होत्या. १९४८ नंतर त्या भारतातल्या हैदराबाद राज्यात आल्या, १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. जिल्हा परभणी होता, तो १ मे १९९९ला हिंगोली झाला. बाईंनी घर बदललं नाही, गाव जागचं हललं नाही. बदलल्या त्या सीमा. सीमा माणसं आखतात आणि माणसंच बदलतात, हे मुलांना इथं सहज पटतं.

मुलं लगेच विचारतील, “मग १५ ऑगस्ट १९४७ला आपल्या गावात काय झालं?” उत्तर सरळ द्यावं. त्या दिवशी देश स्वतंत्र झाला, पण निजाम मीर उस्मान अली भारतात सामील झाला नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले, तुरुंगात गेले. रझाकारांनी खेड्यापाड्यांत जुलूम केले. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानं हार मानली. म्हणजे आपलं स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा आलं, बरं का!

इथं शिक्षकांनी जपून बोलावं. लढा राजवटीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता. पोलीस कारवाईनंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवरही संकट कोसळलं; पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याची नोंद केली आहे. दोन्ही गोष्टी मुलांच्या वयाला झेपतील अशा शब्दांत सांगाव्यात, एकही झाकू नये. आणि फळ्यावर लिहावं : जिल्हा, तालुका, तहसील, दफ्तर, कागद. हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि आज आपल्या मराठीचे झाले.

संस्कृतीसाठी लांब जायला नको. याच जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोचले आणि त्यांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ मुलांनी पाहिलेलं असतं. त्याच्या भिंतींवरचं कोरीवकाम पुन्हा एकदा थांबून पाहायला सांगावं. आणि ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना लिहिणारे नरहर कुरुंदकर नांदेडला शिक्षक होते. त्यांच्या आडनावातच कुरुंदा आहे, हे ऐकून कुरुंद्याच्या मुलांचे डोळे कसे चमकतील!

शेवटी घरचा अभ्यास एवढाच द्यावा. मुलांनी घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क माणसाला तीन प्रश्न विचारावेत : तुम्ही कोणत्या भाषेत शिकलात, शाळेला किती चालत गेलात, आणि निजाम गेला तेव्हाचं काय आठवतं किंवा काय ऐकलंय? उत्तरं वहीत जशीच्या तशी, आजी-आजोबांच्याच बोलीत उतरवावीत. ते दिवस आठवणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, म्हणून हा अभ्यास पुढच्या वर्षावर टाकू नये.