सहधर्मचारिणीचे टिपण

आपल्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर खेळ म्हटला की कबड्डी, हे समीकरण सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. भाताची कापणी होऊन शेते मोकळी झाली की उरणपासून श्रीवर्धनपर्यंत वाडीवाडीतून मैदाने आखली जातात. फुटबॉल व बास्केटबॉल हे खेळ मात्र आपणांस खाडीपलीकडचे, मुंबईचे वाटतात. आणि ते बरेचसे खरेही आहे. फुटबॉलची रोव्हर्स चषक स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली, तर बास्केटबॉलने पुढे नागपाड्याच्या वस्तीत आपले घर केले. योगायोग असा की, त्याच १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी बास्केटबॉलचा जन्म झाला. त्या वेळी तेथे अध्यापक असलेला एक फुटबॉल-गुरू व त्याची पत्नी यांच्या संसाराची हकीकत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावी, असा या लेखाचा हेतू आहे.

ॲमॉस अलॉन्झो स्टॅग यांचा जन्म १८६२ सालचा. येल विद्यापीठात ते धर्मोपदेशक होण्याच्या इच्छेने गेले. परंतु व्यासपीठापेक्षा मैदानावर तरुणांचे शील अधिक चांगले घडविता येईल, असे मनाशी ठरवून ते क्रीडाशिक्षक झाले. त्यांचा फुटबॉल आपल्याकडील नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावण्याचा तो अमेरिकन खेळ होय. स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ हे त्यांच्या फुटबॉल संघात खेळत. याच नेस्मिथांनी हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून बास्केटबॉलची योजना केली. ११ मार्च १८९२ रोजी त्या खेळाचा पहिला जाहीर सामना शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा झाला. शिक्षक ५-१ असे हरले, आणि शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅग यांनी मिळविला होता!

त्याच वर्षी स्टॅग शिकागो विद्यापीठात गेले व दोन वर्षांनी, १८९४ मध्ये, स्टेला रॉबर्टसन या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. हा संसार सत्तर वर्षे टिकला. स्टेलाबाई केवळ घर सांभाळून राहिल्या नाहीत. सामना चालू असता त्या उंच जागी बसून प्रत्येक डावाचे टिपण करीत. पुढे प्रतिस्पर्धी संघाचा खेळ पाहून त्याची बलस्थाने पतीस सांगण्याचे कामही त्यांनी केले. आज असे काम करण्यासाठी मोठमोठ्या संघांत पगारी माणसे असतात. स्टेलाबाईंनी ते सहधर्मचारिणी या नात्याने केले.

या सहकार्याची खरी कसोटी उतारवयात लागली. १९३२ साली, वयाची सत्तरी झाल्यामुळे, शिकागो विद्यापीठाने स्टॅग यांना मैदानावरून निवृत्त केले. देऊ केलेले दुसरे काम न स्वीकारता हे वृद्ध जोडपे कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे एका लहान महाविद्यालयात गेले. तेथे १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, त्यांस वर्षातील उत्कृष्ट क्रीडामार्गदर्शक म्हणून गौरविण्यात आले. पुढे १९४७ ते १९५२ या काळात ते आपल्याच पुत्राच्या हाताखालील संघास शिकवीत होते. स्टेलाबाई १९६४ साली निवर्तल्या; अवघ्या काही महिन्यांनी, मार्च १९६५ मध्ये, १०२ वर्षांचे स्टॅगही गेले.

फुटबॉल व बास्केटबॉल या दोन्ही खेळांच्या कीर्तिमंदिरांत स्टॅग यांचे नाव कोरले गेले, पहिल्यात १९५१ साली व दुसऱ्यात १९५९ साली. स्टेलाबाईंना मात्र तेथे स्थान नाही. सामन्यांच्या कोष्टकांत पतीचे विजय व पराजय यांचे आकडे आहेत. टिपणे करणाऱ्या हाताचा त्यांत उल्लेख नाही.

यासोबत दुसऱ्या एका स्त्रीचे चरित्र ताडून पाहण्यासारखे आहे. स्प्रिंगफील्डजवळच्या स्मिथ महिला महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने १८९२ पासून मुलींना बास्केटबॉल शिकविला. मार्च १८९३ मधील त्यांच्या पहिल्या सामन्यास पुरुषांना मज्जाव होता. स्त्रियांसाठी या खेळाचे नियम त्यांनीच बसविले व १९०१ साली ते पुस्तकरूपाने छापले. १९११ मध्ये एका इंग्रजीच्या प्राध्यापकाशी विवाह होताच त्यांनी त्या महाविद्यालयातील पद सोडले. पण शिकविणे सोडले नाही. गावातील दुसऱ्या एका शाळेत त्या १९२१ पर्यंत मुलींना व्यायाम शिकवीत राहिल्या. १९५४ साली त्यांचे निधन झाले, आणि बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांचे नाव लागावयास १९८५ साल उजाडले.

या दूरदेशीच्या कथा सांगण्याचे कारण घरातलेच आहे. प्रस्तुत लेखक शाळेत शिक्षक असता, आमच्या मुलींच्या कबड्डी संघातील एक चपळ खेळाडू लग्न होऊन शेजारच्याच गावी गेली. तिचे यजमानही खेळाचे दर्दी. मुलांचा संघ त्यांनी नावारूपास आणला. संध्याकाळी भाकऱ्या उरकून ती वाडीतल्या पोरींना पकडीचे धडे देई, आणि यजमानांच्या संघाची पायचूकही तिच्याच नजरेस आधी पडे. पुढे गावाने त्या गृहस्थांचा सत्कार केला. मानपत्रात त्यांची तपश्चर्या, त्यांचे शिष्य, त्यांची पारितोषिके, सारे काही होते. तिचे नाव नव्हते. ते मानपत्र मीच लिहिले होते.

समारंभानंतर ती भेटली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, अक्षर फार सुरेख आलंय हो तुमचं." त्या शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते आजवर मनात सलत आहेत.

२०१० साली आशियाई क्रीडास्पर्धांत स्त्रियांच्या कबड्डीचा समावेश झाला आणि भारतीय मुलींनी पहिलेच सुवर्णपदक आणले. अशा मुली आकाशातून पडत नाहीत. कोणत्या तरी अंगणात, कोणा तरी मावशीच्या नजरेखाली त्या घडतात. आपल्या ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंतांची यादी छापली जाते. पुढील वर्षी त्या यादीत, पदक नसले तरी, मुलांना खेळ शिकविणाऱ्या आपल्या लेकीसुनांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने यावीत, एवढीच कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे. पहिले नाव कळविण्याचे काम माझ्याकडे राहील. ते ऋण माझ्यावर आहे.