सत्तर गरीब मुलांची शाळा

यंदा दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी एक वाद रंगला. धाकट्या भावाला आपल्या दहा वर्षांच्या चिरंजिवांना डोंगरावरच्या निवासी शाळेत घालायचे आहे. “अगदी ईटनच्या धर्तीवर चालते, दादा!” तो म्हणाला, आणि हातातली चकली तशीच ठेवून मी इतिहासात शिरलो.

ईटनची धर्ती म्हणजे नेमकी कोणती? सहाव्या हेन्री राजाने १४४० साली ती शाळा काढली, ती सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी! राजापुढे कित्ता होता विंचेस्टरचा. तेथे बिशप विल्यम ऑफ विकहॅम याने १३८२ मध्ये अशाच सत्तर विद्यार्थ्यांची सोय केली होती. रग्बी (१५६७) उभी राहिली एका किराणा व्यापाऱ्याच्या देणगीवर, तर हॅरो (१५७२) एका सधन शेतकऱ्याच्या.

मग ह्या शाळा श्रीमंतांच्या कशा झाल्या? फी देणाऱ्या मुलांनाही प्रवेश होता, आणि त्यांची संख्या वाढतच गेली. ‘पब्लिक’ म्हणजे कोणत्याही गावच्या मुलाला खुली. नाव तसेच राहिले. दार मात्र पैशाच्या मापाचे झाले.

आतले चित्रही काही गोड नव्हते. धाकट्या मुलांनी थोरल्यांची हरकामे करायची, आणि छडी तर रोजचीच. १७९७ मध्ये रग्बीच्या मुलांनी बंड केले, तेव्हा ते मोडायला सैनिक आणावे लागले! पुढे १८२८ ते १८४२ ह्या काळात टॉमस आर्नल्ड तेथे मुख्याध्यापक होते. वरच्या वर्गातील मुलांवर जबाबदारी टाकून त्यांनी शाळेला वळण लावले. त्यांच्याच विद्यार्थ्याने, टॉमस ह्यूजने, १८५७ साली लिहिलेल्या कादंबरीने ती कीर्ती घरोघर नेली. तरीही १८६१ मध्ये सरकारला अशा नऊ शाळांची चौकशी करावी लागली आणि १८६८ मध्ये कायदा करावा लागला.

“पण वॉटर्लूची लढाई ईटनच्या मैदानावरच जिंकली गेली, असे वेलिंग्टनच म्हणाला ना?” भावाने हुकमाचे पान टाकले. वेलिंग्टन असे म्हणाल्याचा पुरावा नाही. तो ईटनला होता १७८१ ते १७८४, आणि खेळांचे आजचे स्तोम तेव्हा नव्हतेच. ह्याच वेलिंग्टनने १८०३ च्या ऑगस्टमध्ये आपला अहमदनगरचा किल्ला घेतला आणि पुढच्याच महिन्यात असईला मराठ्यांचा पराभव केला. गंमत पाहा, त्याच किल्ल्यात १९४२ पासून इंग्रजांनी कोंडले जवाहरलाल नेहरूंना, आणि ते १९०५ ते १९०७ हॅरोचे विद्यार्थी! एकाच वळणाच्या शाळांतून किल्ला घेणाराही निघतो आणि त्यात साम्राज्याविरुद्ध बंदिवास भोगणाराही. तेव्हा सारे श्रेय शाळेला कसे द्यावे?

ईटनने वीस पंतप्रधान दिले, हे खरेच. आज तेथील वर्षाची फी पन्नास हजार पौंडांहून अधिक आहे. राजाच्या सत्तर विद्यार्थ्यांची परंपरा अजून चालते; जॉर्ज ऑरवेल त्यांतलाच. पण आता त्या जागा मिळतात त्या परीक्षेतल्या गुणांवर. गरिबीची अट राहिलेली नाही.

एवढे बोलून मी थांबलो. इतका वेळ कोपऱ्यात गुपचूप शंकरपाळे खाणाऱ्या चिरंजिवांनी तेव्हा विचारले, “काका, तिथे दिवाळीला घरी सोडतात का?”

कोणीच बोलले नाही. भावाने अर्ज अजून भरलेला नाही. पण फाडलेलाही नाही.