कोंडवाड्याच्या वहीत नसलेले जनावर

मार्गशीर्ष-पौषातल्या एखाद्या रात्री जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात घरचे कुत्रे सुटून गेले, तर त्याचा शोध दोन वेळा घेतला जातो. पहिला रात्रीच. घरातले कोणीतरी ओट्यावर येऊन बॅटरीचा झोत गोठ्यापासून बांधापर्यंत फिरवते, ‘यू यू’ अशी हाक घालते, भाकरीचे ताट वाजवते. पण पावले अंगणाच्या कडेशी थांबतात. पलीकडे ऊस असतो. दुसरा शोध उजाडल्यावर. आता दोघे-तिघे मिळून निघतात. रात्री उसाला पाणी द्यायला कोण गेले होते त्याला विचारतात, ओल्या सरीत पावले उमटली आहेत का ते पाहतात, आणि ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांकडे वळतात. कारण गारठलेले कुत्रे तिथल्या चुलीच्या राखेशी अंग मुडपून पडलेले असण्याचा संभव असतो. तिथे सापडले तर चार शिव्या देत त्याला घरी आणतात. सापडले नाही, आणि बांधावर फरपटल्याची खूण किंवा तुटका पट्टा दिसला, तर घरी येऊन दोनच शब्द सांगितले जातात : ‘वाघानं नेलं.’ वाघ म्हणजे बिबट्या. तोवर धारा काढायची वेळ झालेली असते.

या शोधाचा इतिहास लिहिता येईल का, असा प्रश्न आमच्यापुढे आहे. इतिहासाला कागद लागतो, निदान दगड तरी लागतो. हरवलेल्या जनावरांचे कागद आपल्याकडे नाहीत असे मुळीच नाही. इंग्रजी अमदानीत 1871 साली गुरांच्या अतिक्रमणाविषयीचा कायदा झाला आणि कोंडवाडा नावाची संस्था गावोगाव स्थिरावली. सुटलेले जनावर कोणाच्या तरी पिकात शिरे, कोंडवाड्यात जाई, वहीत त्याची नोंद होई, आणि मालक दंड भरून त्याला सोडवून नेई. हरवलेले जनावर शोधायचे म्हणजे आधी कोंडवाड्यात डोकवायचे, हा कित्येक पिढ्यांचा रिवाज होता. या कायद्याने ‘गुरे’ या शब्दात कोणकोणते प्राणी धरले आहेत ते वाचण्यासारखे आहे. हत्ती आहे, उंट आहे, म्हैस, घोडा, शिंगरू, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, बकरी, करडूदेखील आहे. कुत्रे नाही. जुन्नरच्या कोंडवाड्यात हत्ती येण्याची सोय कायद्याने केली होती. कुत्र्याची केली नव्हती. कुत्रे पीक खात नाही, तेव्हा कायदेकर्त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. पण परिणाम असा झाला, की ज्या एका वहीत खेड्यातल्या हरवण्या-सापडण्याचा हिशोब राहिला असता, त्या वहीतून हे जनावर पहिल्यापासूनच वगळले गेले.

ही वगळणूक इंग्रजांनी आणली असेही नव्हे. जुन्नरहून पश्चिमेला नाणेघाटाच्या माथ्यावर, कोकणातून चढून येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर, सातवाहनांची लेणी आहे. तिच्या भिंतींवरचा नागनिकेचा ब्राह्मी लेख साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो. राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे : गायी हजारांच्या आकड्यांत, शिवाय घोडे, हत्ती, वस्त्रे, कार्षापणे. महाराष्ट्रात जनावरांची इतकी जुनी मोजदाद क्वचितच सापडेल. त्या यज्ञांत अश्वमेधही आहे. अश्वमेधाचा विधी ब्राह्मणग्रंथांत सविस्तर सांगितला आहे आणि त्याच्या आरंभी एक कुत्रा येतो. तो ‘चतुरक्ष’ असावा लागे, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, चार डोळ्यांचा भासणारा. त्याला मुसळाने मारून पाण्यात घोड्याच्या पायांखालून सोडत. नाणेघाटचे अश्वमेध विधिपूर्वक झाले असतील, तर तो कुत्राही तिथे असलाच पाहिजे. लेखात तो नाही. दक्षिणेच्या यादीत त्याला जागा असण्याचे कारणही नव्हते. डोळ्यांवर ठिपके असलेली कुत्री आजही आपल्याकडच्या गावांत सर्रास दिसतात.

वाङ्मयात मात्र कुत्र्याचे स्थान निराळे आहे, आणि इथे आमच्या वाचकांना सरमेची आठवण झालीच असेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या संवादसूक्तात पणींनी पळवलेल्या गायींचा माग काढत इंद्राची सरमा रसा नदी ओलांडून जाते. आपल्या परंपरेत कुत्री प्रथम येते ती हरवलेले शोधणारी म्हणून. महाभारताच्या आरंभी, पौष्यपर्वात, तीच सरमा तक्रार घेऊन येते : जनमेजयाच्या सत्रात आपल्या पिलाने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, तरी त्याला मार का बसला? तिला कोणी उत्तर देत नाही आणि ती शाप देते. महाभारताच्या शेवटी हिमालयाच्या वाटेवर युधिष्ठिरामागून कुत्रा चालत असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. शोधणारी, तक्रार करणारी, सोबत करणारी अशी ही रूपे आहेत. हरवलेल्या कुत्र्यासाठी माणूस थंडीत बाहेर पडला, अशी कथा मात्र या थोर परंपरेतून आम्हाला आठवत नाही.

दगडावर कुत्रा कोरला गेला नाही असेही नाही. कर्नाटकातल्या आतकूरचा इसवी सन 949-50 मधला एक शिलालेख आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्याकडून मणलेराला मिळालेला ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा रानडुकराशी झुंजताना मेला. त्याचे स्मारक उभारले आणि स्मारकासाठी जमीन दिली. पण तो राजाचा कुत्रा होता आणि लढून मेला होता. सामान्य कुत्रा दप्तरात शिरतो तो बहुधा मारला जाण्यासाठी. 1832 साली मुंबईत बेवारशी कुत्री मारणाऱ्यांना दर कुत्र्यामागे पैसे मिळू लागले आणि त्यावरून पारशी समाजाने दंगा केला, हे प्रकरण सरकारी कागदांत तपशीलवार आहे. रायगडावरच्या ‘वाघ्या’ची गोष्ट उलट आहे. तिथे समाधी आहे, दंतकथा आहे, 2012 साली पुतळा हटवून पुन्हा बसवण्यापर्यंत गेलेला वाद आहे, 2025 साली तो नव्याने पेटलाही; नाही तो समकालीन पुरावा. असो. त्या वादात पडण्याचे आम्हाला प्रयोजन नाही.

परंतु ‘वाघ्या’ या नावापाशी थोडे थांबावेसे वाटते. खंडोबाच्या उपासनेत कुत्रा देवाचा सोबती आहे, आणि देवाला वाहिलेला पुरुषही वाघ्याच म्हणवतो. कोटंब्यात भिक्षा घेतो, देवाचा कुत्रा होतो. जुन्नर तालुक्यात धामणखेलला खंडोबा आहे. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडगा करून कुत्र्याला घास घालण्याची रीत अनेक घरांत पाळली जाते. ती षष्ठी नेमकी मार्गशीर्षात, थंडी चढू लागते तेव्हा येते. त्याच सुमारास तोडणी रंगात आलेली असते, उसाचे आडोसे एकेक करून उघडे पडत असतात, आणि घराघरांतला वाघ्या खऱ्या वाघाच्या वाटेत सापडण्याचा संभव वाढतो. भाषेने केलेला हा श्लेष कोणा कवीला सुचला असता तर आपण तो ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

हा वाघ इथे आला कसा, हे थोडक्यात सांगायला हवे. सह्याद्रीच्या कुशीतल्या या भागात बिबट्या पूर्वीपासून होताच. पण कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, कालवे निघाले आणि पूर्वेकडची जिराईत जमीन उसाखाली गेली. मूळचे आंबेगाव डिंभ्याच्या पाण्यात बुडाले. तालुक्याला नाव देणारे गाव पाण्याखाली आणि तालुक्याची कचेरी घोडेगावला, अशी स्थिती आहे. वर्षभर उभा राहणारा ऊस, पाणी आणि वस्तीजवळचे सहज मिळणारे भक्ष्य एवढे बिबट्याला पुरेसे असते. 2001 ते 2003 या काळात वनखात्याने अनेक बिबटे पकडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2011 सालच्या अभ्यासात, त्यांतल्या 29 बिबट्यांना दूरच्या जंगलांत सोडण्याचा परिणाम तपासला आहे. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी 4 होते, ते या काळात 17 वर गेले. याच अभ्यासकांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली. 2014 साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष असे : वजनाच्या हिशोबाने बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के, शेळ्या संख्येने सातपट असूनही त्यांचा वाटा 11 टक्केच. शेळी रात्री कोंडली जाते. कुत्रे मोकळे असते, किंवा साखळीला असते, जे अधिक वाईट.

म्हणजे हा सारा पट्टा माणसे आणि बिबटे एकत्र वागवतो आहे तो बऱ्याच अंशी कुत्र्याच्या जिवावर. आणि तरी नुकसानभरपाईच्या कागदात गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी ही नावे येतात. कुत्र्याचा पंचनामा होत नाही. पंचनामा नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून घटना नाही. 39 टक्क्यांचा शोध लागला तो शेवटी विष्ठेतल्या केसांवरून. माणसांनी लिहून ठेवलेल्या ओळीवरून नव्हे.

याच्या शेजारी आणखी एक दृश्य ठेवून पाहावे. तोडणीत कोयता चालवताना उसात बिबट्याची पिले सापडतात. मग काम थांबते, वनखात्याला निरोप जातो, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून पशुवैद्य येतात, पिले तपासली जातात. संध्याकाळी त्यांना क्रेटमध्ये घालून, जिथे सापडली त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात, माणसे दूर होतात. थंडीच्या रात्री मादी येते आणि तोंडात धरून एकेक पिलू घेऊन जाते. अशा भेटी या दोन तालुक्यांत वारंवार घडवून आणल्या गेल्या आहेत, आणि त्यांची तारीख, ठिकाण, छायाचित्र सारे जतन होते. ही पद्धत चांगली आहे. पिले न मिळालेली मादी आजूबाजूला फिरत राहिली तर धोका वाढतो, हे शेतकऱ्यालाही कळते. आमचा आक्षेप तिला नाही. एकाच शेतात, एकाच ऋतूत दोन हरवण्याच्या गोष्टी घडतात. एकीला दप्तर मिळाले आणि दुसरीला मिळाले नाही, एवढेच आम्ही नोंदवतो.

कुत्र्याच्या या इतिहासाची वस्तुरूप साक्ष एकच उरते, आणि ती धनगरांकडे आहे. पारनेर-संगमनेरकडून कळप घेऊन येणारे मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात. बिबट्या मानेलाच धरतो, हे ज्ञान त्या पट्ट्यात घडवलेले आहे. कोणत्याही ग्रंथात नसलेले, लोहाराच्या हातातून पुढे गेलेले हे ज्ञान आहे.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुले आणि एक वृद्धा अशी तिघे दगावली. त्यानंतर तिथली माणसे, विशेषतः शेतात वाकून काम करणाऱ्या बाया, गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून कामाला जाऊ लागल्या. ती छायाचित्रे देशभर छापली गेली. पट्टा तोच, धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यातून निघून तो शेतकरणीच्या गळ्यात आला. त्यावर लिहिणाऱ्यांनी माणसाची ही अवस्था झाली म्हणून हळहळ व्यक्त केली आणि ती योग्यच होती. हा पट्टा आधी कोणासाठी घडवला गेला, आणि तो न घालता रात्री अंगणात बसणाऱ्यांचे काय झाले, हे विचारायची ती वेळ नव्हती हेही खरे.

ती माहिती मिळवायची तर घराघरांत जाऊन विचारावे लागेल, आणि तिथेही एक अडचण आहे. कुत्रे गेल्यावर काही दिवसांनी कोणाकडून तरी पिलू आणले जाते, आणि जुने नाव तोंडात बसलेले असल्याने पुष्कळदा तेच त्याला मिळते. तेव्हा ‘तुमच्याकडची किती गेली?’ असे विचारले, की घरातली म्हातारी माणसे बोटांवर मोजू लागतात : कांदा काढला त्या सालचा वाघ्या, धाकटीच्या लग्नाआधीचा वाघ्या, विहिरीचे काम चालले होते तेव्हाचा वाघ्या.