फत्तेखानांची जागा

महाडच्या चवदार तळ्याचा दावा माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या वकिलाला मी वाचायला लावतो. उभा जन्म दिवाणी कोर्टात जमिनीची भांडणं चालवण्यात गेला, पण मालकी हक्क कशासाठी वापरला जातो हे महाडइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

तळ्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा १९२३ चा ठराव, नगरपालिकेने १९२४ साली कागदोपत्री खुलं केलेलं तळं, २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी प्यायलेलं पाणी आणि त्यानंतर झालेली मारहाण. मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या डिसेंबरचं.

२५ डिसेंबरला तळ्यावरच्या सत्याग्रहासाठी महाडला पुन्हा परिषद भरायची होती आणि मांडवाला जागा मिळेना. सनातन्यांनी खटपटच तशी केली होती. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचं नाकारलं, म्हणून धान्य बाहेरगावाहून आणावं लागलं, पाण्याचीही वेगळी सोय करावी लागली. मोटारवाले ऐनवेळी पाठ फिरवतील या शंकेने बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीने दासगावला उतरले. तिथून पाच मैल पायी येता येत होतं. जमिनीला हात न लावता, कायदा न मोडता माणसांना गावाबाहेर ठेवायची ही रीत. दुकान माझं, गाडी माझी, मी देणार नाही.

तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली खाजगी जागा दिली.

जागा देणं म्हणजे काय, हे छोट्या गावात राहिलेल्यालाच कळेल. परिषदेचे लोक दोन-चार दिवसांनी जाणार होते. जागेचा मालक त्याच बाजारपेठेत राहणार होता. त्या जागेत वेदीसाठी सहा इंच खोल, दीड फूट लांब-रुंद खड्डा खणून चंदनाची लाकडं रचली आणि २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी तो ठराव मांडला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण अग्नी पेटला तो कोणाच्या जमिनीवर, हे सहसा सांगत नाही.

त्याच महिन्यात दुसरी बाजू कोर्टात गेली तीही मालकी सांगतच. १२ डिसेंबरला दावा लावला : तळं सार्वजनिक नाही, खाजगी आहे. १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. मुसलमान तेच पाणी भरत होते, त्याला मात्र हरकत नव्हती. वकील म्हणून मला हा दावा पहिल्या दिवसापासून लंगडा वाटतो. राखायची होती ती मिळकत नव्हे, शिवाशिव. बाबासाहेबांनी कोर्टाचा मान ठेवून सत्याग्रह तहकूब केला. जमलेल्या माणसांची तुरुंगात जायची तयारी असताना हे सोपं नव्हतं.

तळं खाजगी असल्याचं वादींना शाबीत करता आलं नाही. मग उरला रूढीचा मुद्दा. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी तोही फेटाळला : अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळची रूढी सिद्ध झालेली नाही. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे. निकाल यायला नऊ वर्षांहून जास्त काळ गेला होता. फत्तेखानांनी आपला निर्णय परिषदेआधी दिला होता.