सालीवरचे शिक्के

चांद्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल असताना, १८०१ साली, जॉन लॅथम नावाच्या इंग्रज वैद्याने पिवळसर माथ्याच्या एका सुतार पक्ष्याच्या शास्त्रीय नावात मराठ्यांचे नाव गोवले, आणि तेव्हापासून हा लहानसा पक्षी ‘मराठा सुतार’ या बिरुदाने ग्रंथांत नांदतो आहे. पुढे १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, रेल्वेच्या स्लिपरांपायी लाकडाला मोल चढले, १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी रानाच्या हद्दी आखल्या, आणि ज्या वृक्षांवर सुताराने पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले ते सरकारदफ्तरी घनफुटांत जमा होऊ लागले. भोक पडलेल्या ओंडक्याची बोली लिलावात उतरते. तेव्हा साल फोडून झाड नासवल्याचा आरोप या पक्ष्याच्या माथी सहज बसतो.

त्या आरोपाची शहानिशा झाडापाशीच करावी. जुन्या चांदा मुलखातल्या आलापल्लीच्या रानात, मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या जुन्या ऐनावर मराठा सुताराचाच भाऊबंद सोनपाठी सुतार चढतो तेव्हा दोन बोटे पुढे, दोन मागे रोवून, ताठ शेपटीचा टेकू घेऊन तो आधी हलकेच ठोकून पाहतो, पुन्हा दोन वीत वर सरकून ठोकतो, आणि कीड सापडली की तेथेच साल उचकटून लांब, चिकट जीभ आत घालतो; सुटलेली खपली खाली वाळक्या सागपानांवर पडल्याचा आवाज त्या शांततेत स्पष्ट ऐकू येतो. हिमालयात सालीला छिद्रे पाडून रस पिणारा एक सुतार आहे खरा. हा सोनपाठी मात्र मुख्यत्वे मुंग्यांवर जगतो, आणि घरटे कोरायला बहुधा मेलेले वा आतून कुजलेले लाकूडच निवडतो.

खोल जखमा माणसाच्या आहेत. डिंकासाठी सालई आणि कुलूच्या अंगावर कुऱ्हाडीच्या खाचा पडल्या. तोडीचे झाड ठरवताना साल तासून उघड्या लाकडावर शिक्का उठवण्याची रीत पडली. सुधारणेच्या नावाखाली वठलेली, पोकळ झाडे आधी काढली गेली, आणि सुताराचे घर व शिधा दोन्ही गेले. ही हानी कोणत्याही ताळेबंदात मांडली गेली नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ ठरले. तेथील थोराड सागांवर कुऱ्हाड चालत नाही. अशा जपलेल्या रानात सुताराने कोरून सोडलेल्या ढोलीत पुढे पोपट, मैना किंवा पिंगळा बिऱ्हाड थाटतो.