पगार दहाला, वाणी एकला

धंदा बसतो तो गिऱ्हाईक नसलं की, असं कधी धंदा न केलेली माणसं सांगतात. गिरणगावातल्या खाणावळींना गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली, आणि पुढं शंभर वर्षं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे बाप्ये एकटे येत राहिले. बायकापोरं गावाला, जमीन राखायला. एका खोलीत दहा-पंधरा जण. पहिल्या पाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा. चूल मांडायला ना जागा ना वेळ. मग शेजारच्या खोलीतली बाई दोन वेळचं जेवण घालायची. तरीही या खाणावळी बसत, बाया कर्जात बुडत, आणि दारात मेंबर, म्हणजे महिन्याचे बांधलेले जेवणारे, उभेच असत.

माझं लालबागला पोळी-भाजी केंद्र आहे, कोविडची टाळेबंदी उठल्यावर काढलेलं. सासूबाईंची खाणावळ डिलाईल रोडच्या चाळीत होती आणि त्यांच्या काही वह्या माझ्याकडे आहेत. त्यामुळे मी हा इतिहास जमाखर्चाच्या बाजूनं वाचते.

खाणावळवाली ही बहुतेक वेळा विधवा, नाहीतर नवरा आजारी पडलेली, कामावरून काढलेली बाई. एके काळी गिरण्यांत बायकाही पुष्कळ होत्या. पण बायकांना रातपाळीची कायद्यानं बंदी, आणि गिरण्या चालायला लागल्या तीन पाळ्यांत. शिवाय नवी यंत्रं आली. बायकांची कामं हळूहळू गेली. राहिली शेगडी, दोन मोठी पातेली आणि दहा बाय दहाच्या खोलीतला अर्धा भाग. कोकणातल्यांना भात आणि सुकट-जवळ्याचं कालवण, घाटावरच्यांना भाकरी.

आता हिशेब. १९३६ च्या वेतन कायद्यानं असं ठरवलं की हजार किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यानं महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यावा. कामगाराच्या दृष्टीनं ही सुधारणाच होती. खाणावळवालीच्या बाजूनं मोजा: एक तारखेला पाटावर बसलेल्या माणसाचे पैसे हातात यायला चाळीस दिवस. चाळीस दिवसांचं धान्य, मासळी, कोळसा, रॉकेल तिनं आधी घालायचं. आणि वाणी? तो एक तारखेलाच दारात.

सासूबाईंच्या वहीत दर मेंबराला एक पान. जेवला की उभी रेघ, खाडा झाला की शून्य. महिनाअखेर रेघा मोजायच्या. नावं थोरल्या दिरांच्या शाळकरी अक्षरात, रेघा सासूबाईंच्या, जाड पेन्सिलीच्या. काही पानांच्या कोपऱ्यात बारीकशी फुली आहे. ती फुली म्हणजे ‘हा बदली’. बदली कामगार रोज गेटवर उभा राहायचा. कायमचा कुणी गैरहजर असला तर त्याला आत घ्यायचे. महिन्यात किती दिवस भरतील हे त्याचं त्यालाच ठाऊक नसे. फुलीवाल्याकडून सासूबाई महिन्याला नाही, आठवड्याला पैसे घेत. आजच्या बँकेचा पाच पानी फॉर्म जे शोधतो ते त्या फुलीत होतं, असं माझं मत आहे.

एवढं करूनही मधले दिवस भरायला सावकार लागायचाच. सासूबाईंनी महिन्याला शेकडा दहा भरलेत. पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर पठाण उभा असायचा. तो मेंबरांचा सावकार. त्याचं भागवून उरलं तर खाणावळीचं.

डिसेंबर १९७३ च्या अखेरीस सुरू झालेला गिरणी संप ४२ दिवस चालला. संपवाल्यांना खाणावळवाल्यांनी उधारीवर जेवू घातलं, त्यासाठी भांडी गहाण टाकली, अंगावरचं मोडलं. युनियनच्या ताळेबंदात हे कुठं आलं नाही. ते दिसलं प्रेमा पुरव यांना. गोवा मुक्तिलढ्यात पायात गोळी लागलेल्या आणि मुंबईत कम्युनिस्ट चळवळीत काम करणाऱ्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पहिल्या गटात चौदा खाणावळवाल्या. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेलं होतं, १९७२ पासून गरिबांना वर्षाला ४ टक्क्यांनी कर्ज देण्याची योजनाही होती. पण तारण काय ठेवणार? बाया एकमेकींना जामीन राहिल्या. रकमा लहान होत्या. एवढ्यानं धंदा काय वाढणार, असं विचारणाऱ्याला खाणावळ कळलेलीच नसते. ते पैसे वाढायला नव्हतेच. ते चाळीस दिवसांसाठी होते.

गिरगावातली गोष्ट वेगळी. १५ मार्च १९५९ ला सात गुजराती बायकांनी तिथं एका इमारतीच्या गच्चीवर ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, तो लिज्जत. पापड टिकतो, त्यामुळे त्यांना पगाराची तारीख आडवी आली नाही. आडवा आला पाऊस. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला: वर खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. मला या संस्थेच्या पुढच्या कोट्यवधींच्या उलाढालीपेक्षा ही खाट जास्त आवडते. आपला पैसा नेमका कुठं अडतो ते बघून तेवढ्यावरच त्यांनी खर्च केला.

१८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. चाळीस दिवसांचा हिशेब मांडता येतो, कारण पलीकडे दहा तारीख असते. इथं तारीखच नव्हती. मेंबर गावाला शेतीवर गेले, वहीत बाकी ठेवून. उधारी बुडाली ती बुडालीच. सासूबाईंनी तीन महिने जेवू घातलं आणि मग पातेली उतरवली. चाळीत त्यांना पुष्कळ बोल लावले गेले. मला त्या बरोबर वाटतात. आणखी तीन महिन्यांनी त्यांच्याच घरी शिजलं नसतं.

मग त्यांनी गिऱ्हाईक बदललं. दादर-प्रभादेवीतल्या नोकरदार बायकांना मोजून पोळ्या, पैसे रोख. अन्नपूर्णानंही केटरिंगची कामं घेतली. संपानंतर गिरणगावात वडापावच्या गाड्या फोफावल्या, त्याचं श्रेय लोक चटणीला देतात. अर्धं श्रेय रोखीला द्यावं: खाल्लं, पैसे टाकले, माणूस चालू पडला. वही नाही, खाडा नाही, दहा तारीख नाही.

माझ्या गल्ल्यावरची गिऱ्हाइकं फोन दाखवून तिथल्या तिथं पैसे देतात. सासूबाईंना याचं फार कौतुक. पण जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका काचेच्या कचेरीनं मध्यंतरी रोजचे तीस डबे विचारले. बिल महिनाअखेर, पैसे त्यानंतर तीस दिवसांनी. म्हणजे पहिल्या डब्याचे पैसे साठाव्या दिवशी. गिरणी बरी होती. २००६ चा लघुउद्योगांचा कायदा लहान पुरवठादाराला पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्या म्हणतो, पण कायदा दाखवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ऑर्डर राहत नाही. मी म्हटलं, दर शुक्रवारी पैसे, तर देते. घासाघीस होऊन एका विभागाचे बारा डबे तेवढे मला मिळाले. उरलेले अठरा त्यांच्या अटीवर आमच्याच गल्लीतल्या एका नव्या मुलीनं घेतले. गेल्या आठवड्यात ती विचारायला आली, ओळखीची एखादी पतपेढी आहे का म्हणून. तिला म्हटलं, पतपेढीचं नंतर बघू, आधी वही घेऊन ये.